मदत हवी आहे: टायरमध्ये हवा नक्की किती ठेवायची? (ठाणे ते नागपूर, भर मे महिन्यात)

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी आम्ही पाच जण (आम्ही दोघं, सासू-सासरे, आठ वर्षांची लेक) आणि डिकीभर सामान घेऊन समृद्धीने नागपूरला निघतोय. आमण्यापासून ७०१ किलोमीटर. गाडी मी चालवणार, आणि एवढ्या लांब पहिल्यांदाच.

हवेचा आकडा तीन जणांना विचारला, तिघांनी तीन सांगितले. पंपावरचा मुलगा न विचारता ३५ लावतो, "सगळ्या गाड्यांना तेवढीच, मॅडम." नेहमीचे मेकॅनिक म्हणाले, उन्हाळा आहे, काँक्रीटचा रस्ता आहे, हवा फुगून टायर फुटेल, २८च ठेवा. नुसतं म्हणाले नाहीत, काल संध्याकाळी कमी करूनही दिली. सासरे म्हणतात टायरवरच लिहिलेलं असतं. वाकून पाहिलं तर ४४!

दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो म्हणे. आमची गाडी सेकंडहँड, आधीच्या मालकाने डेंटिंग-पेंटिंग करून घेतलंय, त्यात स्टिकर गायब. टायरही बदललेत. मूळचे १६५/८० आर१४, आता १८५/७० आर१४ आहेत. मग कंपनीचा आकडा मिळाला तरी तो लागू पडेल का? आणि नायट्रोजन भरून घेऊ का?

---

गॅरेजकाका

ताई, ४४ ही त्या टायरची कमाल मर्यादा. तोच टायर दहा गाड्यांना बसतो, त्याला तुमच्या गाडीचं वजन काय ठाऊक? आकडा गाडीच्या कंपनीचा धरायचा. पेट्रोलच्या झाकणाच्या आत बघा, काही गाड्यांना तिथे असतो. नाहीतर मॅन्युअल. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर पीडीएफ शोधा, फक्त वर्ष आणि व्हेरिएंट आपलंच आहे ना ते बघून घ्या.

आता ते २८. दर उन्हाळ्यात हे ऐकतो आणि दर उन्हाळ्यात डोकं फिरतं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते. तार चार वेळा वाकवून सरळ करा, वाकते तिथे बोट लावून बघा, चटका बसतो. टायरचंही तेच, आणि ते १२०च्या वेगाने तासन्‌तास. आतले थर सुटायला लागतात आणि टायर फुटतो. फुटेल म्हणून हवा काढायची आणि त्यानेच फोडून घ्यायचा! चालून हवा चार-पाच पीएसआय (३५, २८ हे आकडे ज्यात सांगतात ते दाबाचं माप) वाढणार हे कंपनीने धरलेलंच असतं, कारण दिलेला आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर चाललेली.

बदललेल्या टायरवर मापापुढे ८८ लिहिलंय का? जुन्या मापाला साधारण ८५ असतो. ८५ म्हणजे एक टायर ५१५ किलो भार पेलतो, ८८ म्हणजे ५६०. व्यासातला फरक एक टक्क्याच्याही आत. ८८ असेल तर कंपनीचाच आकडा ठेवा.

एक सांगा, काल हवा काढली तेव्हा गाडी किती चालून गेली होती?

---

धागाकर्ती

काका, ऑफिसातून थेट गेले होते. १४ किलोमीटर, ते पण घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून. म्हणजे २८ हे गरम टायरचे?? उद्या सकाळी मोजते. हो, ८८ आहे.

---

डोंगरवाट

स्वतःचं गेज घ्या, पंपावरच्या मशीनचा भरवसा नको. आणि पंपापर्यंत जाता जाता टायर गरम होतो, त्यावर माझा जुना उपाय: सकाळी घरी मोजायचं, प्रत्येक चाकात किती कमी आहे ते लिहून ठेवायचं, पंपावर काही का दिसेना, तेवढीच भर घालायची. २५ची ३३ करायची असेल आणि पंपावर २८ दिसत असेल, तर ३६.

नायट्रोजनवर मात्र पैसे घालवू नका. साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. तो जरा सावकाश गळतो, पण महिन्याला हवा तपासणाऱ्याला त्याचं काय? भरलेला असेल तरी वाटेत साधी हवा टाकलेली चालते.

---

संत्रानगरी

या ताई, पण दुपारच्या आत पोचा! इथे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. तापमान १० अंशांनी वाढलं की दीडेक पीएसआय चढते. वाटेत मोजलीत आणि ३८-३९ दिसले तर घाबरून हवा सोडू नका. गाडी थंड झाल्यावर तीच कमी पडेल. इथे मुक्कामाला आलात की दुसऱ्या दिवशी पहाटे मोजा आणि मग काय ते ठरवा.

आणि स्टेपनी बघितली का?

---

धागाकर्ती

सर्वांचे आभार. मॅन्युअल सापडलं, सीटखालच्या कप्प्यात आधीच्या मालकाच्या पार्किंगच्या पावत्यांसोबत. त्यात किलोपास्कलमध्ये आहे: एरवी चारही चाकांना २३०, पूर्ण भार असेल तर मागे २५०. ६.९ने भागून पीएसआय काढले तर ३३ आणि ३६. म्हणजे पंपावरचा मुलगा त्यातल्या त्यात जवळ होता!

सकाळी सहाला गेजने मोजली. पुढे २४ आणि २५, मागे दोन्ही २४. अशा गाडीने मी काल घरी आले आणि याच गाडीने शनिवारी पाच माणसं घेऊन निघणार होते. डोंगरवाटदादांच्या पद्धतीने भरून आणली, सामान चढणार म्हणून मागे ३६. स्टिअरिंग हलकं झालंय ते लगेच कळलं.

मेकॅनिकांना सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, आम्ही वीस वर्षं असंच करतोय."

स्टेपनी आत्ता काढली. ११.

---

गॅरेजकाका

स्टेपनीचं मापही बघा. बारीक, तात्पुरती असेल तर तिला ६० लागते आणि ८०च्या वर पळवायची नसते. चाराच्याच मापाची असेल तर ३६ भरून ठेवा, लागलीच तर कमी करता येते.

---

धागाकर्ती

चाक चाराच्याच मापाचं आहे, पण टायर जुना १६५चा. चालेल ना काका पंक्चरवाल्यापर्यंत?

---

गॅरेजकाका

तेवढ्यापुरती चालेल, सावकाश. पण बाजूला डीओटी लिहिलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचून सांगा बघू: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.

---

धागाकर्ती

३१११.

---

गॅरेजकाका

म्हणजे २०११. शुक्रवारी ती बदलूनच घ्या.