शब्दचर्चा : 'काइन' की 'काइंड'? एका आयरिश गाण्यातले अडणारे शब्द

गावकोस : 'शी मूव्ह्ड थ्रू द फेअर' हे आयरिश गाणं फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश लोक-रॉक बँडच्या १९६९च्या 'व्हॉट वी डिड ऑन अवर हॉलिडेज' या अल्बममध्ये सँडी डेनी यांनी गायलं आहे (तिथे शीर्षकात 'मूव्हज' आहे). ते ऐकणाऱ्यांत कायम दोन तट पडतात. प्रेयसी सांगते की घरच्यांची हरकत नाही, आपलं लग्न आता लांब नाही. मग ती बाजारातून चालत दिसेनाशी होते. शेवटी एका रात्री ती येते आणि तेच वाक्य पुन्हा म्हणते. काहींच्या मते ती वारली आहे आणि आलेलं तिचं भूत आहे. काहींच्या मते ती दुसऱ्याबरोबर निघून गेली, हा फक्त स्वप्न बघतोय. मराठीत अर्थ लावताना चार जागा अडतात : 'लॅक ऑफ काइन', 'फेअर', 'गुड्स अँड गिअर' आणि 'डिन'. शिवाय ती जिवंत की मेलेली, हे शब्दांवरून ठरतं का?

पाणवठा : 'काइन' म्हणजे गुरंढोरं. 'काऊ'चं जुनं अनेकवचन 'काय' होतं, त्याला पुन्हा अनेकवचनी 'न' चिकटला आणि 'काइन' झालं. 'चिल्ड्रन'मध्येही असाच दुहेरी प्रत्यय आहे. इंग्रजी 'काऊ', आयरिश 'बो' आणि संस्कृत 'गो' हे तिन्ही एकाच मुळातून आलेले शब्द. तेव्हा मुलगी म्हणते ते एवढंच, की तुझ्याकडे गुरं नाहीत म्हणून बाबा तुला कमी लेखणार नाहीत. मूळ ओळीतल्या 'स्लाइट'ला 'अपमान करणे' हा अर्थ इथे जड होतो, 'कमी लेखणे' चपखल बसतं.

त्या समाजात गुरं म्हणजे ऐपत. आयरिशमध्ये हुंड्याला 'स्प्रे' म्हणतात आणि स्कॉटिश गेलिकमधल्या त्याच्या जुळ्या शब्दाचा अर्थ गुरं असा आहे. 'बुअखिल' म्हणजे मुलगा, पण शब्दाचा मूळ अर्थ गुराखी. आपल्याकडे 'गोधन' म्हणतात तेच गणित. मराठीत 'तुझी दावण रिकामी' म्हटलं की शेतकऱ्याच्या घरात अर्थ एका क्षणात पोचतो. 'तू गरीब आहेस' असं केलं तर ओळ मरते.

गावकोस : पण बऱ्याच जणांच्या गाण्यात चक्क 'काइंड' ऐकू येतं. मग ते चुकीचं?

पाणवठा : यमक बघा. आधीची ओळ 'माइंड'वर संपते. 'माइंड'ला 'काइन' अर्धवट जुळतं, 'काइंड' पुरेपूर जुळतं. त्यातून 'काइन' हा शब्द बोलण्यातून गेलेला. गाणाऱ्याच्या जिभेवर 'ड' आपोआप येतो आणि पुढचा माणूस तेच ऐकून शिकतो. 'काइंड' धरून अर्थ लागत नाही असंही नाही. जुन्या वापरात तो शब्द कुळाला, वंशाला लागतो. मग 'तुझं कूळ नाही म्हणून' असा अर्थ निघतो. 'पेमेंट इन काइंड'मध्ये तो पैशाऐवजी दिलेल्या धान्याला किंवा मालाला लागतो, तिथून 'तुझ्याकडे मालमत्ता नाही' इथपर्यंतही जाता येतं. अजिबात न चालणारा अर्थ म्हणजे 'तू दयाळू नाहीस'. तो हवा असता तर 'काइंडनेस' लागलं असतं.

पारावरचा : 'फेअर'ला सरसकट 'जत्रा' करू नका. जत्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर देवाची पालखी, पाळणे, रेवड्या येतात. आयर्लंडमधला 'फेअर' (आयरिशमध्ये 'ईनख') हा मुख्यतः गुरांच्या खरेदी-विक्रीचा दिवस, बऱ्याचदा गावाच्या मुख्य रस्त्यावरच भरणारा. आयर्लंडच्या वायव्येकडच्या डोनेगल आणि आसपासच्या भागात मे आणि नोव्हेंबरात मजुरांचेही बाजार भरत. पोरंपोरी तिथे सहा महिन्यांच्या बोलीवर कामाला लागत. म्हणून 'गुरांचा बाजार' हाच शब्द घ्यावा. नांदेडजवळच्या माळेगावच्या खंडोबा यात्रेसारखी, जिथे जनावरांचा बाजार भरतो अशी जत्रा वाचणाऱ्याला ठाऊक असेल, तर 'जत्रा' खपून जाईल.

हा शब्द नेमका धरला की पहिली दोन कडवी उजळतात. दावण रिकामी असलेला मुलगा गुरांच्या बाजारात उभा आहे. भोवती सौदे चाललेत, याच्याकडे विकायला काही नाही, घ्यायलाही काही नाही. तो फक्त तिला गर्दीतून इकडे-तिकडे जाताना बघतोय. मग आकाशात एकच तारा असताना ती घराकडे वळते, म्हणजे बाजार उठायची वेळ.

गावकोस : आणि 'गुड्स अँड गिअर'?

पारावरचा : स्कॉट्स आणि अल्स्टरच्या (आयर्लंडच्या उत्तर भागाच्या) बोलीत 'गिअर' म्हणजे चीजवस्त, मालमत्ता. यंत्राशी संबंध नाही. दोन्ही शब्द 'ग'ने सुरू होणारे, म्हणून मराठीतही जोडशब्दच शोभतो : 'चीजवस्त' किंवा 'सामानसुमान'. 'रुखवत' टाळा, त्यात लग्न आधीच लागून जातं. हे कडवं बरेच गायक गाळतात. न ऐकलेल्यांनी आधी वाचून घ्या, पुढच्या वादाचं मूळ तिथेच आहे.

पाणवठा : तो वाद असा. चाल संगीतकार आणि लोकगीत-संग्राहक हर्बर्ट ह्यूज यांनी डोनेगलमध्ये टिपली आणि गाणं १९०९मध्ये त्यांच्या 'आयरिश कंट्री साँग्ज'मध्ये छापलं. शब्द कवी पॅड्रिक कॉलम यांचे. १९७०मध्ये 'द आयरिश टाइम्स'ला लिहिलेल्या पत्रात कॉलम यांनी सांगितलं की शेवटचं कडवं तेवढं परंपरेतलं, बाकीची आपली. लग्नाआधी मुलगी वारली हे गाण्यात आलंच नाही, असं त्यांच्या ध्यानात आलं. म्हणून त्यांनी आणखी एक कडवं लिहून ह्यूज यांना पाठवलं, पण तोवर पुस्तक छापायला गेलं होतं. हेच ते 'गुड्स अँड गिअर'चं कडवं.

आता ते शब्द तपासा. लोक म्हणतात की लग्न झालेल्या प्रत्येक जोडप्यात एकाच्या मनात न बोललेलं दुःख असतं. ती सामान घेऊन जवळून जाते, हा हसतो, आणि तेच तिचं शेवटचं दर्शन. मृत्यू हा शब्द कुठेही नाही! मृत्यू सांगण्यासाठी लिहिलेलं कडवं ऐकून 'ती सामान घेऊन पळाली' असा अर्थ कुणी लावला, तर त्याला शब्दांचा पूर्ण आधार आहे. कवीचा हेतू एका बाजूला आणि ओळी दुसऱ्या बाजूला, आणि ऐकणाऱ्याच्या हातात फक्त ओळी असतात.

उरलं शेवटचं कडवं. तिथे गायकागणिक विशेषण बदलतं : 'यंग लव्ह', 'डिअर लव्ह', 'ओन लव्ह', 'डेड लव्ह'. सुरुवातही बदलते. कुणी 'काल स्वप्न पडलं' म्हणतो, कुणी 'काल रात्री ती आली' म्हणतो. 'डेड' गायलं की प्रश्न मिटला. 'यंग' आणि 'स्वप्न' गायलं की दोन्ही अर्थ उघडे राहतात. म्हणून 'या गाण्याचा अर्थ काय' असं न विचारता 'या गायकाच्या पाठाचा अर्थ काय' असं विचारावं. सँडी डेनी १९७८मध्ये एकतिसाव्या वर्षी वारल्या. ते ठाऊक असलेल्यांना त्यांच्या आवाजात भूत आधीच ऐकू येतं. ती भावना खरी आहे, पण ती गाण्याच्या शब्दांत नाही.

हे गाणं फक्त तोंडोतोंडी आलंय असंही समजू नये. रस्त्यावर गाणाऱ्या मार्गारेट बॅरी यांच्यामुळे गाणं पुष्कळ पसरलं आणि त्या स्वतः ते आयरिश गायक जॉन मॅकॉर्मॅक यांच्या तबकडीवरून शिकल्याचं सांगत.

गावकोस : 'डिन' राहिलं.

पाणवठा : गोंगाट, गलका. मुळाशी संस्कृत 'ध्वनि'शी नातं आहे. पण शेवटच्या कडव्यातल्या त्या ओळीचं शब्दशः 'तिच्या पायांनी गोंगाट केला नाही' हे मराठी नव्हे. 'पाऊल वाजलं नाही' म्हणा. आपल्याकडे भुताची खूण उलटे पाय, इथे न वाजणारे पाय. मराठी वाचकाला त्यावरून लगेच भूत सुचेलच असं नाही, आणि ते बरंच आहे.

खुंटी-तार : चालीतही हा अर्थ उघडाच ठेवलेला आहे. गाणं मिक्सोलिडियनमध्ये आहे, म्हणजे आपल्या खमाज थाटाचे स्वर : बाकी शुद्ध, निषाद कोमल. ब्रिटिश गिटारवादक डेव्ही ग्रॅहम यांनी साठच्या दशकात ते गिटारवर रागाच्या ढंगाने वाजवलं, तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावून. गिटारवादक जिमी पेज यांचं १९६७चं 'व्हाइट समर' त्यातूनच आलं. गिटारच्या नेहमीच्या स्वरजुळणीवरून जायचं तर पहिली, दुसरी आणि सहावी तार एकेक पूर्ण स्वर उतरवा, बाकीच्या तीन तशाच ठेवा. डी हा षड्ज धरला तर जाड तारेकडून सा-प-सा-म-प-सा मिळतं. यात गंधार कुठेच नाही. गंधार नसला की मोकळ्या तारांचा झणकार आनंदी की दुःखी ते ठरत नाही, चालीतला शुद्ध गंधार आला तरच क्षणभर उजेड पडतो. सहावी तार बारीक असेल तर उतरवल्यावर सैल पडते आणि पडद्यांवर खरखरते. तिथे जाड तार लावा. साथ करताना मेजर कॉर्डचा (सा-ग-प एकत्र) गंधार सतत वाजवत राहिलात तर गाण्यातलं कोडं तिथेच सुटतं.

पारावरचा : त्याच न्यायाने 'स्वान'. ती संध्याकाळी तळ्यावरून सरकणाऱ्या 'स्वान'सारखी जाते. नुसतं 'हंस' केलं की मराठीत जीव, प्राण, 'हंस उडाला' हे सगळं मागोमाग येतं आणि मुलगी पहिल्याच कडव्यांत मरते. 'राजहंस' घ्या. त्यात फक्त चाल आणि डौल येतो.

गावकोस : आणि तिचं पुन्हा पुन्हा येणारं वाक्य?

पाणवठा : दर वेळी अक्षरशः तेच ठेवावं. 'लवकरच भेटू' केलं तर शेवटी धमकी वाटते आणि अर्थ एकाच बाजूला झुकतो. संबोधनाला 'राया' घेतलं तर लावणीचा ठसका येतो, त्यापेक्षा 'साजणा' बरं. 'आपल्या लग्नाला आता फार दिवस नाहीत, साजणा.' लग्नघरातही हे असंच म्हणतात आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाबद्दलही 'आता फार दिवस नाहीत' असंच बोलतात. पहिल्यांदा कानाला पहिला अर्थ लागतो, शेवटी दुसराही लागू शकतो. यापुढे एक शब्दही घालू नये. 'वर', 'तिकडे', 'माझ्याकडे' यांतला एखादा शब्द घातला की निकाल लागलाच.