मोनेची बाग : निसर्ग की मुद्दाम उभारलेला देखावा?

प्रश्न :
गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गावी मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर बसून मी जलरंगात चित्रे काढतो. एकोणिसाव्या शतकातले फ्रान्सचे इम्प्रेशनिस्ट चित्रकार स्टुडिओ सोडून उघड्यावर आले आणि समोर दिसेल ते रंगवू लागले, असे आपण शिकतो. पण त्यांच्यातल्याच क्लोद मोनेने तळे स्वतः करवून घेतले, फुले विकत आणून लावली आणि मग तीच रंगवली. याला ‘दिसेल ते रंगवणे’ म्हणावे का? शिवाय धानकऱ्यांच्या गावात बसून फुले रंगवणे ही निव्वळ हौस ठरत नाही का?

उत्तर १ :
देखावा उभारलेलाच होता, हे मान्य करायला हवे. मोने १८८३ मध्ये फ्रान्समधल्या जिव्हर्नी या गावी राहायला आला, १८९० मध्ये त्याने घर विकत घेतले आणि १८९३ मध्ये शेजारची जमीन घेऊन ओढ्याचे पाणी तळ्यात वळवण्याची परवानगी मागितली. परक्या वनस्पतींनी पाणी विषारी होईल, ते गुरांनी प्यायचे कसे, म्हणून गावकऱ्यांनी विरोध केला. (आपल्या तलावात कोणी असे काही करू पाहिले, तर सारा गाव पाळीवर जमेल!) पुढे पानांवर धूळ बसू नये म्हणून त्याने जवळच्या रस्त्यावर स्वखर्चाने डांबर घालून घेतले. मात्र झाडे कोठे लावायची हे त्याच्या हाती असले, तरी ढग केव्हा सरकेल आणि पाण्याचा रंग केव्हा पालटेल हे नव्हते. आणि त्याच्या उत्तरकाळातल्या चित्रांत काठ व क्षितिज दोन्ही नाहीसे होऊन उरते ते मुख्यतः हेच बदलणारे पाणी.

उत्तर २ :
हौसेच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. मोनेचा सहकारी इम्प्रेशनिस्ट कामीय पिसारो फ्रान्समधल्या पॉन्त्वाझच्या परिसरात परसबागा, कोबीचे वाफे आणि नांगरलेली शेते रंगवत असे. १८७४ च्या इम्प्रेशनिस्टांच्या पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी एका समीक्षकाने त्याच्या या कोबीप्रेमालाच नावे ठेवली होती. बाग म्हणजे केवळ श्रीमंतांचा गुलाबताटवा, ही समजूत तिथेच मोडते.

उत्तर ३ :
थोडे कामाचे सांगतो. मोनेच्या १८७३ च्या आर्जांतयजवळच्या चित्रात खसखशीची लाल फुले उठून दिसतात, कारण भोवती हिरवे गवत आहे. परस्परविरोधी रंग शेजारी आले की एकमेकांना उजळतात, हे शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्येच सविस्तर मांडले होते. आपला पळस फुलतो तेव्हा झाडावर पाने जवळपास नसतात, त्यामुळे तिथे हिरव्याचा आधार मिळत नाही. केशरीचा विरोधी रंग निळा, म्हणून केशरी फुलांमागे निळे आकाश येईल अशी बैठक निवडावी. सावलीत काळा रंग न घालता निळा-जांभळा वापरून पाहावा. भर दुपारी सावल्या आखूड होऊन सगळेच सपाट दिसते, म्हणून सकाळी लवकर बसावे. तलावात कमळ असेल, तर त्याची पाने पाण्यावर उंच उभी राहून प्रतिबिंब झाकतात. कुमुदिनीची पाने पाण्याला चिकटून पसरतात आणि मधल्या फटींतून आकाश दिसत राहते. मोनेसारखे पाणी रंगवायचे असेल, तर तलावाचा तो कोपरा शोधावा.