कासच्या फोटोंवर रंगीत ग्रेडियंट चढवावा का?

रानवेडी
दर सप्टेंबरात कास पठाराचे फोटो यायला लागतात, आणि हल्ली बऱ्याच फोटोंवर वर केशरी, खाली जांभळा असा ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू विरत जाणारा रंगाचा थर, चढवलेला असतो. फुलांना सावली नाही, म्हणजे आभाळ भरलेलं आहे, आणि क्षितिजावर मात्र सूर्यास्त! जिथे रंग हीच फुलाची ओळख आहे, तिथे रंगीत ग्रेडियंट चढवू नये, असं माझं ठाम मत आहे. त्या जांभळ्या थराखाली पांढरा गेंद गुलाबी होतो, सोनकीचा पिवळा मळतो, सीतेची आसवं आणि तेरडा लांबून एकच वाटायला लागतात. असे फोटो बघून आलेली माणसं साताऱ्यापासून एवढं वर चढून विचारतात, "यंदा फुलं कमी आहेत का?" फुलं भरपूर असतात हो. त्यांना पठारच फिकं वाटतं, याचं मला फार वाईट वाटतं.

लालदिवा
ताई, कळकळ पोचली, पण कॅमेऱ्यातून निघालं तेच खरं हे मला पटत नाही. अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्सने 1927 मध्ये योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्याचा फोटो काढला, तेव्हा आधी पिवळा फिल्टर लावला होता. त्या फिल्टरने कड्याचा दरारा येणार नाही असं त्याला वाटलं, म्हणून शेवटच्या प्लेटला गडद लाल फिल्टर लावला आणि आकाश जवळपास काळं झालं. त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. पावसाळी आभाळ जमिनीपेक्षा कितीतरी उजळ असतं. डोळा दोन्ही सांभाळून घेतो, सेन्सरला ते जमत नाही. मी वरून काळा ते पारदर्शक ग्रेडियंट टाकतो, मल्टिप्लाय मोडमध्ये, म्हणजे खालचा फोटो गडद होईल असा मिसळून, ओपॅसिटी (थराचा दाटपणा) वीसेक टक्के. ढगांचे थर दिसायला लागतात, जसे तिथे उभं राहून दिसले होते.

रानवेडी
दादा, अॅडम्सचा फोटो कृष्णधवल आहे. त्यात कुठल्या फुलाचा रंग बदलत नाही. आणि तुमच्या काळ्या ग्रेडियंटवर माझा आक्षेपच नाही. उजेड कमीजास्त करणं वेगळं आणि रंगच दुसरा ओतणं वेगळं.

खटपट्या
रेघ इतकी सरळ नाही. सॉफ्ट लाइट हा थर मिसळायचा आणखी एक मोड. त्यात 50 टक्के राखाडी टाकला तर काहीच बदलत नाही, त्याहून गडद टाकला की फोटो काळवंडतो. पण हा हिशोब फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या चॅनलवर, म्हणजे प्रत्येक रंगाच्या भागावर, वेगवेगळा होतो, त्यामुळे साध्या राखाडी ग्रेडियंटनेही रंग भडक होतात. फक्त उजेडच बदलायचा असेल तर कर्व्ह्जच्या (उजेड कमीजास्त करायच्या) लेयरला ग्रेडियंटचा मास्क लावा, म्हणजे परिणाम हळूहळू विरत जाईल, आणि मोड ल्युमिनॉसिटी ठेवा, म्हणजे रंग तसाच राहील.
लालदिवा, एक सांगतो, आभाळ पूर्ण पांढरंफटक झालं असेल तर त्यात ढग उरलेलेच नसतात. तिथे मल्टिप्लायने नुसता करडा पट्टा येतो. शिवाय 8 बिटच्या फाइलमध्ये एका चॅनलला उजेडाच्या 256 च पायऱ्या असतात, म्हणून मोकळ्या आकाशात पट्टे उमटतात. 16 बिटमध्ये पायऱ्या कितीतरी जास्त असतात, त्यात काम करा.

मांडवातला
मी लग्नाचे फोटो करतो. हॉलमधले पिवळे दिवे आणि बाहेरचा निळसर उजेड एकाच फ्रेममध्ये येतात. तिथे एका बाजूने हलका निळा ग्रेडियंट टाकला नाही तर नवरीची अर्धी पैठणी वेगळ्याच रंगाची दिसते. म्हणजे रंगीत ग्रेडियंटनेच खरा रंग परत येतो! सरसकट बंदी मला मान्य नाही.

रानवेडी
हे मान्य. तुम्ही मूळ रंगाकडे जाताय, कारण पैठणी कशी होती ते तुम्हाला माहीत आहे.

लालदिवा
मग कलाकाराला काही मोकळीक आहे की नाही? मला केशरी-जांभळा ग्रेडियंट चढवून पठार उदास दाखवायचं असेल तर? वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धेत रंग फार बदलला की फोटो बाद होतो, ते बातमीच्या छायाचित्राला शोभतं. भिंतीवर टांगायच्या फोटोला तो नियम कशाला?

रानवेडी
भिंतीवर हवं ते टांगा. पण त्याच फोटोखाली "कासची फुलं, या आठवड्यात" असं लिहून पाठवता, तेव्हा ती बातमीच झाली. तिथे फुलाचं नाव विचारणारा माणूस रंग बघूनच विचारतो.

खटपट्या
लालदिवा, निदान ग्रेडियंटला ब्लेंड इफ (थर किती उजळ भागावर दिसावा ते ठरवणारी सोय) लावून उजळ भाग वगळा, म्हणजे गेंद पांढरा राहील.

लालदिवा
करून बघतो. पण आकाशाचा केशरी मी काढणार नाही.