रचलेला युद्धफोटो खोटा, की त्याखालची ओळ खोटी?

उलटतपासणी
रणांगणावर फोटोग्राफरने एखादी वस्तू हलवली, की तो फोटो पुरावा म्हणून बाद. अमेरिकी यादवी युद्धातला गेटिसबर्गचा 'बंडखोर नेमबाजाचा अड्डा' हा फोटो घ्या. जुलै १८६३, फोटोग्राफर अलेक्झांडर गार्डनर आणि टिमथी ओसलिव्हन. एका मृत सैनिकाचे आधी उतारावर फोटो काढले. मग तोच जवळपास ३६ मीटरवरच्या दगडी आडोशाला दिसतो, डोक्याखाली पिशवी, भिंतीला टेकवलेली रायफल. ती रायफलसुद्धा नेमबाजांच्या वापरातली नव्हे. वर १८६६च्या पुस्तकात गार्डनर लिहितो, की नोव्हेंबरमध्ये पुन्हा गेलो तर सांगाडा आणि बंदूक तिथेच! आठवण म्हणून मिळेल ते उचलून नेणाऱ्यांच्या झुंबडीत बंदूक चार महिने जागची हलली नाही म्हणे. १९७५मध्ये इतिहासकार विल्यम फ्रासानिटोने सगळे फोटो शेजारी ठेवून खडकांवरून जागा जुळवल्या आणि बिंग पुरतं फुटलं.

ओलीकाच
उदाहरण बरोबर, निकाल घाईचा. त्या काळी फोटो 'टिपला' जात नव्हता, तयार करावा लागत होता. काचेवर कलोडियन हा चिकट द्राव ओतायचा, काच तिरपी करत तो चारी कोपऱ्यांपर्यंत न्यायचा, मग अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये तीनेक मिनिटं बुडवायची. ओली असतानाच कॅमेऱ्यात, आणि साधारण दहा मिनिटांत डेव्हलपही करायची. उन्हाळ्यात त्याहून कमी वेळ. काच वाळली की नायट्रेटचे स्फटिक धरतात, डेव्हलपर सारखा पसरत नाही, पट्टे उमटतात. एक्स्पोजर काही सेकंदांचं. म्हणजे चालती लढाई प्लेटवर, त्या काचेवर, येणं शक्यच नव्हतं.

फोटोग्राफर रॉजर फेंटनच्या क्रायमियाच्या युद्धातल्या १८५५च्या दोन प्लेटी पाहा. कॅमेरा जवळपास त्याच जागी. एकीत तोफगोळे रस्त्यावर, दुसरीत रस्ता मोकळा. आधीची कुठली? सावल्यांवरून बराच खल झाला. शेवटी माहितीपटकार एरल मॉरिसच्या शोधात उत्तर दिलं ते उतारावरच्या लहान दगडांनी. गोळे रस्त्यावर असलेल्या प्लेटीत काही दगड थोडे खाली सरकलेले आहेत. दगड आपण होऊन वर चढत नाहीत, म्हणून मोकळा रस्ता आधीचा. पण गोळे कुणी आणून टाकले, हे दगड सांगत नाहीत. सैनिक ते पुन्हा वापरायला गोळा करतच होते.

उलटतपासणी
@ओलीकाच, ही सबब ३५ मिमी फिल्म आल्यावर संपते. रॉबर्ट कापाचा स्पेनच्या यादवी युद्धातला 'कोसळणारा सैनिक', ५ सप्टेंबर १९३६, जागा सेरो मुरियानो असं सांगितलं गेलं. २००९मध्ये स्पॅनिश अभ्यासक सुसपेरेगी यांनी त्याच मालिकेतल्या फोटोंमागची डोंगररांग जुळवली. ती निघाली एस्पेखोची, म्हणजे ५० किलोमीटरच्या आसपास दूर. तिथे त्या दिवसांत लढाईच नव्हती. शिवाय मालिकेत दोन वेगळी माणसं जवळपास एकाच जागी पडताना दिसतात. ढग तेच, पण एकाही फ्रेममध्ये दुसऱ्याचं प्रेत नाही. आता बोला.

ओळतपासनीस
बोलतो. फोटो रचलेला नसूनही ओळ चुकते, हे तुमच्या नियमात कुठे बसतं? जो रोझेन्थालचा झेंडा उभारणाऱ्या अमेरिकी सैनिकांचा फोटो, जपानचं इवो जिमा बेट, २३ फेब्रुवारी १९४५. स्पीड ग्राफिक कॅमेरा, १/४०० सेकंद. शेजारीच बिल जेनॉस्ट सोळा मिमीचा मूव्ही कॅमेरा चालवत होता. त्या फिल्ममध्ये कुणी पोझ घेत नाही. रोझेन्थालची फिल्म धुवायला ग्वाम बेटावर गेली होती, त्याने स्वतः फोटो पाहिलेलाच नव्हता. 'पोझ दिली होती का?' असं विचारल्यावर त्याला वाटलं नंतरच्या गटफोटोबद्दल चाललंय, म्हणून 'हो' म्हणाला. तो डाग जन्मभर पुसला गेला नाही. झेंडा त्या दिवशीचा दुसरा होता, हे खरं. पण झेंडा उभारणाऱ्यांची नावं? ती २०१६ आणि २०१९मध्ये दुरुस्त करावी लागली. चित्र अस्सल, ओळ सत्तर वर्षं चुकीची.

उलटतपासणी
आणि सोव्हिएत फोटोग्राफर खाल्देईचा, बर्लिनच्या राइशटाग या संसद इमारतीवरचा झेंडा? २ मे १९४५. झेंडा मॉस्कोतून टेबलक्लॉथ शिवून आणलेला. एका सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं दिसत होती, म्हणजे लूट. एक घड्याळ निगेटिव्हवर सुईने खरवडलं, वर धूर दाट केला. इथे ओळ बदलून काय होणार?

ओलीकाच
घड्याळाचा मुद्दा मान्य. झेंडा उभा करणं हा देखावा होता, खरवडणं हे पुरावा नष्ट करणं. दोन्ही एका मापाने मोजू नका.

(विषय निघालाच आहे तर: कापाचे १९४४च्या नॉर्मंडी चढाईचे रोल लंडनच्या लॅबमध्ये वाळवताना वितळले आणि ११ फ्रेम उरल्या, ही दंतकथा आता पुरे. उष्णतेने इमल्शनचा, म्हणजे चित्र धरणारा थर रोलभर गळून जावा आणि नेमक्या सलग फ्रेम शाबूत राहाव्यात, हे कसं होईल? समीक्षक ए. डी. कोलमन यांनी २०१४पासून ही गोष्ट उसवली. चित्र फिल्मच्या भोकांवर सरकलंय त्याचं कारणही साधं सांगितलं जातं: कोडॅकची रिळं कापाच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यात नीट बसत नव्हती.)

निगेटिव्हवाला
मग आजचं बोला की. लायका एम११-पी (२०२३) हा कॅमेरा फाइलवर आतच डिजिटल सही करतो. वाद मिटला.

ओळतपासनीस
सही सांगते की फाइल नंतर बदलली नाही. भिंतीला रायफल कुणी टेकवली, ते नाही. आणि सहीसुद्धा फसते: २०२५मध्ये निकॉनच्या झेड६-३वर मल्टिपल एक्स्पोजर (एका चित्रावर दुसरं चढवण्याची सोय) वापरून सही नसलेल्या चित्रावर सही उमटवता आली, कंपनीला सेवा थांबवावी लागली.

उलटतपासणी
संगणकावरची खोड उलट लवकर सापडते. २००३च्या इराकमधल्या बसऱ्याच्या, दोन फोटो जोडून केलेल्या फोटोत मागची तीच माणसं दोनदा बसलेली. २००६च्या बैरूतच्या फोटोत धुराचा तोच गोळा पुन्हा पुन्हा. रॉयटर्स वृत्तसंस्थेने त्या फोटोग्राफरचे ९२० फोटो काढून टाकले.

निगेटिव्हवाला
ठीक. मग संपादकाने मागायचं काय?

ओळतपासनीस
एकच फ्रेम कधीच नाही. आधीच्या पाच, नंतरच्या पाच, फाइल क्रमांकात खंड न पडता. खंड असेल तर कार्डच मागा. फ्रासानिटोला गार्डनर सापडला तो शेजारच्या प्लेटींमुळे, सुसपेरेगींना एस्पेखो सापडलं ते मालिकेतल्या दुय्यम फोटोंमुळे.

उलटतपासणी
आणि आधीच्या पाच फ्रेम डिलीट केलेल्या असतील तर?

ओळतपासनीस
तर छापू नका.