1812 ला मालवण दिलं नसतं तर कोल्हापूर टिकलं असतं का?

रंकाळाकर: काल पन्हाळ्यावर चार दरवाजाचे पडके दगड बघत बसलोतो, तेव्हा डोक्यात आलं. 1812 च्या तहात कोल्हापूरच्या राजांनी मालवण बंदर, सिंधुदुर्ग किल्ला इंग्रजांना दिला अन् बदल्यात पेशव्यांपासून संरक्षण मिळालं. नसता दिला तर?

मिसळप्रेमी: भावा, नसता दिला तर पेशव्यांनी 1818 च्या आधीच गिळलं असतं की. चिकोडी, मनोळी ह्या मुलखावरनं दोघांचं भांडण चालूच होतं.

जुनाराजवाडा: तसं नाय रं. पेशवाई 1818 ला बुडाली, म्हणजे सहाच वर्षं तग धरायची होती. पण पुढं इंग्रज दारात आलेच असते आणि काहीतरी निमित्त काढून सरळ खालसा केलं असतं, सातारचं 1848 ला दत्तक वारस नाकारून झालं तसं. मला वाटतं तहामुळंच 1949 पर्यंत गादी राहिली.

रंकाळाकर: टिकली खरी, पण 1844 ला गडकऱ्यांनी (किल्ले राखणाऱ्या शिबंदीनं) बंड केलं तर इंग्रजांनी चार दरवाजाच पाडला, राजांचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांना 1857 नंतर कराचीला धाडलं. ह्याला टिकणं म्हणायचं?

मिसळप्रेमी: शाहू महाराजांनी 1902 ला मागास समाजासाठी नोकरीत 50 टक्के जागा राखीव ठेवल्या त्या गादी होती म्हणूनच की राव.

जुनाराजवाडा: हां, हे मात्र पटलं. बंदर ठेवलं असतं तर मासे तरी स्वस्त मिळाले असते 😄