हॉटेलात बसल्यावर तुम्ही नेमकं काय मागवता? (कॅलरी मोजणाऱ्यांचा अनुभव धागा)

धागाकर्ती

पुण्यात शनिवारी रात्री घरी स्वयंपाक करणं आता जवळजवळ गुन्हा आहे. मुलांना पंजाबी हवं असतं, सासऱ्यांना थाळी, आणि नवऱ्याचं 'जिथे पार्किंग मिळेल तिथे'. मला डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय. घरचं जेवण निदान मोजता येतं. फुलका साधारण ७०-८० कॅलरी, त्यावर तुपाचा लहान चमचा ४५ च्या आसपास. हॉटेलात तेल नुसतं दिसतं. मोठा चमचाभर, म्हणजे १५ मिली तेलाच्या जवळपास १२० कॅलरी होतात. भाजीच्या बाऊलमध्ये असे किती चमचे पडलेत ते देव जाणे आणि आचारी जाणे.

'सॅलड खा', 'बाहेर जाऊच नका' असले सल्ले नकोत, ते मला व्हॉट्सॲपवर रोज फुकट मिळतात. टेबलावर बसून काय मागवलंत, वेटरला काय सांगितलंत, बरोबरच्यांनी काय ऐकवलं, ते लिहा. हॉटेलांची नावं घेऊन उणीदुणी काढू नका, प्लीज.

भटारखान्यातला

सिंहगड रोडला काही वर्षं फॅमिली रेस्टॉरंट चालवलं. आता बंद केलंय, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

मेनूकार्डावर तुम्हाला दीडशे भाज्या दिसतात. आत तीन-चार पातेली असतात. कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही, काजू-मगजबीची पांढरी, एखादी पिवळी आणि मखनी. दुपारची गर्दी सुरू व्हायच्या आत ती तयार असतात. ऑर्डर आली की पॅनमध्ये तेल किंवा बटर, आलं-लसूण, एकदोन ग्रेव्ह्यांचे डाव, पनीर, वरून क्रीम. निघताना परत बटर, कारण टेबलावर ठेवताना भाजी चकाकली पाहिजे. ग्रेव्ही तेल सुटेपर्यंत परतलेली असते आणि तो तवंग आम्ही मुद्दाम वर राहू देतो. त्याने पातेल्यात साय धरत नाही, रंगही टिकतो. म्हणजे तुम्ही 'भैया, तेल कम' म्हणालात की आचारी काय करणार? डावाने वरचा तवंग बाजूला सारणार आणि खालची ग्रेव्ही घेणार. आत मुरलेलं तेल तिथेच. काजूची पेस्ट तर कुणाच्या बापाला काढता येत नाही.

जे तुमची ऑर्डर आल्यावर सुरू होतं, तेवढंच बदलता येतं. डाळ आधी शिजवून ठेवलेली असते, फोडणी शेवटी पडते. 'दाल तडका, तडका अर्धा' सांगितलं तर खरोखर अर्धा पडतो. दाल मखनीत ती सोय नाही, ती लोण्यातच मुरलेली असते. रोटी तंदूरमधून कोरडी निघते, बटरचा ब्रश बाहेर आल्यावर फिरतो. म्हणून 'प्लेन' हा शब्द ऑर्डर देतानाच उच्चारा. नंतर टिश्यूने रोटी पुसणारे लोक पाहिलेत मी. टिक्का, तंदुरी चिकन यांच्याही वरचा ब्रश थांबवता येतो. मलाई टिक्का सोडा.

आणि 'हेल्दी' म्हणून पालक पनीर मागवणाऱ्यांना आम्ही गल्ल्यावरून हसायचो. पालक असतो त्यात, नाही असं नाही.

वाटी पालथी

आमच्याकडे पाहुणे आले की थाळी ठरलेली. श्रेयस नाहीतर दुर्वांकुर, नाहीतर घराजवळचं एखादं. थाळीत तेलापेक्षा आग्रहाच्या कॅलरी जास्त. 'ताई, एकच पुरी, गरम आहे!' गरम आहे हा काय युक्तिवाद आहे का? पण हात नकळत बाजूला होतोच.

माझं निरीक्षण असं की वाढप्याला रिकामी वाटी बघवत नाही. मान हलवा, बोटं हलवा, हात आडवा धरा, वाटी रिकामी असेल तर तो येणारच. म्हणून मी गोडाची वाटी ताटात पालथी घातली. सासूबाईंचा घास हातातच राहिला. 'उचल ती आधी. जेवत्या ताटात पालथी वाटी घालतात का कधी?' शेजारच्या टेबलावरच्या आजींनीही त्यांच्या बाजूने मान डोलावली.

मग मधला मार्ग निघाला. आता मी बसल्या बसल्या तीन वाट्यांमध्ये कोशिंबीरच मागते. भरलेली वाटी दिसली की वाढपी पुढच्या ताटाकडे वळतो. बासुंदीवालाही. सासूबाईंना ताट भरलेलं दिसतं, त्यांचंही समाधान. फुलके तूप न लावता, वरणभातावर तूप घालून (ते सोडणार नाही), आणि ताक. आमरसाच्या दिवसांत मात्र मला हे काहीही आठवत नाही आणि कुणी आठवण करून देऊ नये.

हिंजवडी फेज दोन

मोठ्या साखळी हॉटेलांत गेलात तर मेनूकार्ड नीट वाचा. १ जुलै २०२२ पासून ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या १० किंवा जास्त ठिकाणी शाखा आहेत, त्यांना एफएसएसएआयच्या (देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नियमाप्रमाणे पदार्थासमोर कॅलरी छापाव्या लागतात. आकडा एका सर्व्हिंगचा असतो, आणि सर्व्हिंग किती ग्रॅमचं तेही तिथेच लिहिलेलं असतं. आमच्या टीममधले सगळे पहिला आकडा वाचतात आणि दुसरा सोडतात.

बाकी टीम लंच म्हणजे बुफे. टेबलावर शेगडी असलेल्या ठिकाणी छोटा झेंडा असतो, तो खाली केला की स्टार्टर यायचे थांबतात. मी पाडतो, समोरचा टेस्टर उभा करतो. अख्खं जेवण हेच.

सदाशिव पेठ, खोली क्रमांक माहीत नाही

मेसला जेवणाऱ्या एमपीएससीवाल्यांनी या धाग्यावर काय लिहायचं? भाजी कुठली ते मावशी ठरवतात. तेल किती तेही मावशीच. रविवारी फीस्ट.

मस्तानीप्रेमी

मस्तानीचं काय करायचं तेवढं सांगा. दूध, वर आइस्क्रीम, सुका मेवा. 'पेय' म्हणून मोजू की 'जेवण' म्हणून?

वाटी पालथी

@मस्तानीप्रेमी, जेवण. आणि दोघांत एक.

पंचावन्न मिनिटे

मी डॉ. दीक्षितांच्या आहारपद्धतीने जातो. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत. घरी काही अडचण नाही. हॉटेलात घड्याळ कधी सुरू करायचं हा प्रश्न येतो. बाणेरला एका ठिकाणी वेटिंग संपवून आत बसलो, सूप लगेच आलं, भुकेने घोटभर प्यायलो आणि मोबाइलवर टायमर लावला. मेन कोर्स येईपर्यंत बत्तीस मिनिटं गेली होती. मग जे काही जेवलो त्याला जेवण म्हणत नाहीत. मुलगी म्हणाली, 'बाबा, पोलीस मागे लागलेत का?'

आता सूप, मसाला पापड काही मागवत नाही. सगळं एकदम आणायला सांगतो आणि रोटी टेबलावर टेकल्यावर टायमर. वेटर सुरुवातीला विचित्र बघतात. फायदा असा झाला की स्टार्टर आपोआप गेले. बिलही उतरलं, त्यामुळे बायकोही या पंथात यायच्या विचारात आहे.

पर्वतीचा म्हातारा

आमचा सकाळचा ग्रुप पर्वती चढतो आणि उतरल्यावर नाश्त्याला जातो. '१०३ पायऱ्या झाल्या, आता मिसळ चालेल' हे वाक्य ठरलेलं. अहो, त्या चढण्यात १०० कॅलरी जळल्या तरी पुष्कळ. शेव-फरसाण १०० ग्रॅमला ५०० च्या वर जातं. मी फरसाण वेगळ्या वाटीत मागतो, मूठभर घालतो, एकच पाव. उडप्याकडे गेलो तर इडली-सांबार, सांबार दोनदा. डोसा खायचा असेल तर अर्धा मित्राला, आणि मित्र निवडताना खाणारा निवडावा.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. रात्री बाहेर जायचं म्हणून दिवसभर उपाशी राहून 'कॅलरी वाचवणं' मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी करू नये. आमच्यातल्या एकाने दुपारी जेवण टाळलं, गोळी मात्र घेतली. हॉटेलच्या वेटिंगमध्ये उभ्या उभ्या दरदरून घाम, हात थरथरायला लागले. शेजारच्या पानवाल्याने लिमलेटच्या गोळ्या दिल्या म्हणून सावरला. काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने जेवण चुकलं की साखर अशी खाली येते. तुमची गोळी त्यातली आहे का, ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

रस्सामंडळ

मटण थाळीवर कुणीच लिहिलं नाही? शाकाहारी धागा आहे का हा?

तांबड्याचा वाढपी आला की दोन शब्द बोलायचे, 'खालून द्या'. वरचा कट त्याच्या बादलीत राहतो, आपल्या वाटीत पातळ रस्सा येतो. चवीत थोडा फरक पडतो, खोटं बोलणार नाही. पांढऱ्यात नारळाचं दूध असतं, तो अनलिमिटेड असला तरी मी एकच वाटी घेतो. आळणी सूप मात्र पाहिजे तेवढं. भाकरी अर्धी, सुकं पूर्ण. भात शेवटी दोन घास, तोही रश्श्यात कालवायला. बिर्याणीला असली मखलाशी चालत नाही. साजूक तुपातली बिर्याणी खायची तर निवांत खावी आणि दुसऱ्या दिवशी घरी मुगाचं कढण.

धागाकर्ती

'तडका अर्धा' आणि 'खालून द्या' आजपासून आमच्या घरात पाठ. @भटारखान्यातला, एक राहिलं. मुलं व्हेज कोल्हापुरीवर अडून बसतात. तिचं काय?

भटारखान्यातला

लाल ग्रेव्ही, वरून तिखट, आणि त्या लालभडकपणासाठी जास्तीचं तेल. बऱ्याच ठिकाणी आतल्या भाज्याही आधी तळून ठेवलेल्या असतात. विचारून बघा, 'भाज्या उकडलेल्या की तळलेल्या?' वेटर आत जाऊन विचारून आला तर उत्तर खरं समजा. जागेवरूनच 'उकडलेल्या' म्हणाला तर मुलांना ती खाऊ द्या आणि स्वतःसाठी डाळ सांगा.