मदत हवी आहे: नागपुरात जुनी गाडी घेतेय, पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी,

मी मानेवाड्याला राहते आणि उमरेड रस्त्यावर पाचगावच्या पुढे एका शाळेत शिकवते. जाऊन-येऊन रोजचे साठ किलोमीटर होतात. नऊ वर्षं हे अंतर स्कुटीवर काढलं. गेल्या एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुटल्यावर निघाले, तोंडाला दुपट्टा बांधलेला होता, तरी दिघोरीच्या अलीकडे डोळ्यांपुढे अंधारी आली. अर्धा तास एका बाभळीखाली बसून राहिले. घरी सांगितलं तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "आता गाडी घेऊन टाक, पैशाचं पाहू."

बजेट साडेतीन लाख. विमा आणि नावावर करण्याचा खर्च त्यातच बसला पाहिजे. पेट्रोलची, छोटी, कुठल्याही गल्लीतल्या गॅरेजात दुरुस्त होईल अशी हवी. घरात याआधी कोणी गाडी घेतलेली नाही, त्यामुळे विचारायला जवळचं माणूस नाही.

पहिली पाहिली ती वॅगनआर. २०१८ ची, एमएच ३१, एकच मालक, मीटरवर ४१ हजार, किंमत तीन लाख दहा हजार. मालक अंबाझरी लेआउटच्या बाजूला राहतात. गाडी आतून इतकी स्वच्छ की मी जवळजवळ हो म्हणूनच परतले असते. नवे सीट कव्हर, नवे मॅट, डॅशबोर्डवर मोगऱ्याच्या वासाची बाटली.

नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत घराघरांत पाणी शिरलं. दारात उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. माझ्या मनात हे आलंच नव्हतं. आमच्या वस्तीतल्या मेकॅनिक दादांना सोबत नेलं होतं, त्यांना पत्ता ऐकताच आलं. ते बोनेट उघडायच्या आधी पुढच्या सीटवर बसले आणि मला म्हणाले, "ताई, इंजिन त कोणीबी धुऊन देते. हा बेल्ट पुरा ओढा."

मी पट्टा शेवटपर्यंत ओढला. रोजच्या वापरात जो भाग बाहेर येतच नाही, गुंडाळीत राहतो, तिथे चहा सांडून वाळल्यावर कपड्यावर उरते तशी तपकिरी रेघ आडवी गेलेली होती. रेघेच्या एका बाजूला पट्टा मऊ, दुसऱ्या बाजूला कडक. मग दादांनी सीटखाली हात घालायला लावला. ज्या पट्टीवर सीट मागेपुढे सरकते तिच्या बोल्टांवरून बोट फिरवलं, तर बोटाला लालसर भुकटी लागली. मालक म्हणाले, पावसाळ्यात एवढा गंज येणारच. हे खरं असू शकतं का?

दुसरी शंका विम्याची. त्यांनी फक्त चालू पॉलिसी दाखवली, त्यात नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) २० टक्के आहे. माझ्या माहितीप्रमाणे सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि एकदा क्लेम घेतला की पुन्हा शून्यापासून सुरू होतो. म्हणजे २०१८ च्या गाडीचा बोनस मध्येच कधीतरी तुटलाय. किरकोळ ठोकर असेल, पॉलिसी भरायची राहून गेली असेल, की पुराचा क्लेम असेल? २०२३ आणि २०२४ च्या पॉलिसी मागितल्या, तर "शोधून पाठवतो" म्हणाले. चार दिवस झाले. (हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही, हेही मला आत्ताच कळलं. तुम्हीही हिशेब करताना पहिला हप्ता बोनस न धरता मोजा.)

आता मुख्य प्रश्न. गाडी बुडाली असली तरी त्यानंतर इतके दिवस नीट धावलीय, म्हणजे सुटली असं समजायचं का? की वायरिंग, कनेक्टर, एअरबॅग यांचं दुखणं उशिरा वर येतं? रस्ता माझा एकटीचा आहे आणि मध्ये फारशी वस्ती नाही. गाडी बंद पडली तर स्कुटीसारखी ढकलत नेता येणार नाही.

दुसरी गाडी एका डीलरकडची सेलेरिओ, २०१७ ची, एमएच ४०, म्हणजे नागपूर ग्रामीणची. ती मी मुद्दाम सकाळी सातला जाऊन पाहिली, बोनेट गार असतानाच सुरू करून घेतली. आवाज आणि धूर दोन्ही ठीक. टायरवरचे शेवटचे चार आकडे २३१७, म्हणजे २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातले, कंपनीतून आलेलेच. नागपूरच्या उन्हात इतके जुने टायर चालवायचे नाहीत, त्यामुळे चार टायरचे पैसे मी आत्ताच धरलेत. अडचण कागदांची आहे. परिवहनच्या साइटवर गाडीवर अजून बँकेच्या कर्जाचा बोजा दिसतो. डीलर म्हणतो, फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे फॉर्म) मालकाच्या सह्या घेऊन ठेवल्यात, तुम्ही पंचवीस हजार टोकन द्या, बाकी आम्ही पाहू. बँकेचं ना हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात नसताना टोकन द्यावं का?

आणि एक छोटा प्रश्न. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. २०१७-१८ च्या छोट्या गाड्या त्यावर चालवणाऱ्यांनी रबरी पाइप, फ्युएल पंप आणि मायलेजबद्दलचा स्वतःचा अनुभव लिहावा.

भर, रविवार रात्र:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोघांनी लिहिल्याप्रमाणे आज पुन्हा वॅगनआरकडे गेले आणि डिकीतला स्टेपनी टायर काढून त्याखालची खोलगट जागा पाहिली. कोपऱ्यात बारीक गाळ होता, वाळून तडकलेला. तो मालकांना दाखवला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले की पाणी सीटपर्यंत आलं होतं. राग आला नाही, त्या रात्री त्यांचंही घर पाण्यात होतं. पण मी नाही म्हणून आले.

डीलरला सांगितलंय की मालकाला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय आणि बँकेचं पत्र पाहिल्याशिवाय टोकन देणार नाही. शनिवारी भेट ठरलीय. मूळ आरसी, दोन्ही किल्ल्या, सर्व्हिसची बिलं, न भरलेले ई-चलन, नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली का, एवढं यादीत आहे. गाडी विकल्याचं विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि नाव बदलाचा अर्ज ३० दिवसांत मी करायचा, हेही लिहून ठेवलंय. ग्रामीण आरटीओची गाडी शहरात नावावर केलेलं कोणी असेल तर त्यांना किती दिवस लागले आणि कुठे अडलं, ते शनिवारच्या आत कळवाल का?